मॅडोनाचा ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ कसा ऐकावा

गाजलेल्या गाण्यांचे संकलन ऐकण्यासाठी मार्गदर्शन कशाला हवे, असा प्रश्न साहजिक आहे. सुप्रसिद्ध गाणी एकापाठोपाठ एक लावलेली असतात, आपण ती ऐकायची आणि सोडून द्यायची. बहुतेक संकलनांच्या बाबतीत हे खरेही आहे. अमेरिकी पॉप गायिका मॅडोनाचा नोव्हेंबर 1990 मध्ये आलेला ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ मात्र त्याला अपवाद आहे. यातील पंधरा जुनी गाणी मूळ ध्वनिमुद्रिकांवरून जशीच्या तशी उचललेली नाहीत. त्यांचे ध्वनिमिश्रण नव्याने केले गेले, अनेकांची लांबी कमी करण्यात आली आणि काहींचा ठेकाच बदलला. या अल्बमवरून मॅडोनाची ओळख झालेल्या कोट्यवधी श्रोत्यांनी ही गाणी मूळ रूपात ऐकलेलीच नसतात, आणि ज्यांनी मूळ गाणी ऐकलेली आहेत त्यांना या संकलनात काहीतरी वेगळे वाटते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. म्हणून हा अल्बम 1990 साली केलेले एक स्वतंत्र काम समजून ऐकावा आणि मूळ गाणी तुलनेसाठी शेजारी ठेवावीत. खालील सूचना त्याच बेताने दिल्या आहेत.

योग्य आवृत्ती ओळखणे

पहिली अडचण इथेच येते. संगीत ऐकवणाऱ्या ॲपवर मॅडोनाचे नाव टाकले की निरनिराळी संकलने आणि तयार याद्या समोर येतात, आणि त्यांतील पुष्कळ गाणी सारखीच असतात. ‘हॉलिडे’ त्यांतील अनेकांत असेल, परंतु प्रत्येक ठिकाणी तेच ‘हॉलिडे’ असेल असे नाही. आपल्याला हव्या असलेल्या अल्बममध्ये सतरा गाणी आहेत आणि एकूण कालावधी सुमारे 73 मिनिटांचा आहे. सुरुवात ‘हॉलिडे’ने होते, पंधराव्या स्थानी ‘व्होग’ आहे, आणि शेवटची दोन गाणी, म्हणजे ‘जस्टिफाय माय लव्ह’ आणि ‘रेस्क्यू मी’, या संकलनासाठीच नव्याने केलेली आहेत. एखाद्या यादीत ‘हंग अप’ किंवा ‘फ्रोझन’ दिसले तर ती पुढच्या काळातील यादी आहे असे समजावे.

कालावधीची पडताळणी अधिक खात्रीची ठरते. 1983 च्या पहिल्या अल्बमवरील ‘हॉलिडे’ सहा मिनिटांहून थोडे मोठे आहे, तर येथे ते चार मिनिटांच्या आसपास संपते. ‘लकी स्टार’ साडेपाच मिनिटांवरून साडेतीनच्या जवळ आलेले आहे आणि ‘चेरिश’ पाचावरून चाराच्या आत. या काटछाटीमागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी एका सीडीवर सुमारे 74 मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. सतरा गाणी एकाच तबकडीवर बसवायची, तर नाचण्यासाठी लांबवलेले तुकडे गाळण्यावाचून इलाज नव्हता. मूळ गाण्यांच्या चाहत्यांना ही कात्री खटकते. पहिल्या तीन गाण्यांना तिने फायदाच झाला, असे मला वाटते. ‘चेरिश’च्या बाबतीत मात्र मी चाहत्यांच्या बाजूने आहे.

जुनी सीडी विकत घेणार असाल तर ती उजेडात तिरकी धरून पाहावी. मध्यापासून कडेकडे गेलेले ओरखडे सहसा त्रास देत नाहीत, परंतु गोलाकार, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्याच दिशेने गेलेला ओरखडा असेल तर गाणे अडकण्याची शक्यता असते. कॅसेट हाताशी असेल तर ती आठवण म्हणून अवश्य जपावी, पण या अल्बमची खरी खुबी ऐकण्यासाठी ती वापरू नये. त्याचे कारण पुढील भागात येते. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे त्यांना हे संकलन दोन तबकड्यांच्या संचात मिळते. तेथे दर चार-पाच गाण्यांनंतर बाजू पालटावी लागते, आणि ती सक्तीची विश्रांती कानांना बरीच वाटते.

स्पीकरची मांडणी

या अल्बमचे तांत्रिक वैशिष्ट्य म्हणजे क्यूसाउंड. कॅनडातील कॅल्गरी येथे विकसित झालेले हे तंत्र वापरून मिश्रण केलेला हा पहिला अल्बम होता. साध्या स्टिरिओमध्ये आवाज डाव्या स्पीकरपासून उजव्या स्पीकरपर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी असल्याचा भास होतो. क्यूसाउंडमध्ये दोन्ही बाजूंना जाणाऱ्या ध्वनीची तीव्रता आणि त्याची वेळ यांत अतिशय सूक्ष्म फरक केला जातो. दोन कानांवर येणाऱ्या ध्वनीतील अशाच फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवत असल्याने तो फसतो, आणि एखादे वाद्य स्पीकरच्याही पलीकडून, कधी थेट बाजूच्या भिंतीकडून वाजत असल्यासारखे वाटते. त्यासाठी वेगळे यंत्र किंवा जादा स्पीकर लागत नाहीत. दोन साधे स्पीकर पुरतात, मात्र ते योग्य जागी असावे लागतात.

बहुतेक घरांत ते योग्य जागी नसतात. एक टीव्हीच्या शेजारी, दुसरा कपाटावर, आणि ऐकणारा सोफ्याच्या एका टोकाला, अशा मांडणीत या मिश्रणाचा काहीच प्रत्यय येणार नाही. दोन्ही स्पीकर एकाच उंचीवर, शक्यतो बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर ठेवावेत. त्यांच्यात सहा-सात फूट अंतर असावे आणि तुमची बैठक दोघांपासून तितक्याच अंतरावर असावी, म्हणजे तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण तयार होईल. स्पीकर भिंतीला अगदी चिकटवू नयेत आणि त्यांची तोंडे किंचित तुमच्याकडे वळवावीत. घर लहान असेल तर सहा फुटांऐवजी चार फूट चालतील. अंतर किती यापेक्षा ते दोन्हीकडे सारखे असणे अधिक महत्त्वाचे आहे. टेप घेऊन मोजलेले उत्तम, कारण एका बाजूला अर्धा फूट जास्त झाला तरी मिश्रणाचा परिणाम पातळ होतो.

यानंतर यंत्रातील स्वयंचलित ‘सुधारणा’ बंद कराव्यात. होम थिएटरवर ‘सराउंड’, फोनवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ किंवा टीव्हीवर ‘व्हर्च्युअल साउंड’ असे काही चालू असेल तर ते आपल्या परीने दोन्ही बाजूंच्या ध्वनीत फेरफार करते, आणि मिश्रण करणाऱ्याने आखलेला फरक त्यात विरून जातो. इक्वलायझर, म्हणजे खर्ज आणि उंच सूर कमीजास्त करणारी सोय, सपाट ठेवावा. ॲपमध्ये गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय असेल तर तीही बंद करावी आणि क्रम उलटसुलट करणारे बटण दाबलेले नाही याची खात्री करून घ्यावी.

हेडफोनबद्दल आवर्जून विचारले जाते. हे मिश्रण खोलीत ठेवलेल्या दोन स्पीकरसाठी आखलेले आहे. खोलीत डाव्या स्पीकरचा थोडा आवाज उजव्या कानापर्यंतही पोहोचतो आणि क्यूसाउंडने तो हिशेबात धरलेला असतो. हेडफोनमध्ये दोन्ही कान एकमेकांपासून पूर्ण तुटलेले असल्याने आवाज रुंद वाटतो, पण बाहेरून आल्यासारखा वाटत नाही. शब्द आणि बारीकसारीक तपशील ऐकायला हेडफोन उत्तम आहेत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या ऐकण्यासाठी ते राखून ठेवावेत. एकच ब्लूटूथ स्पीकर वापरल्यास डावे-उजवे एकत्र होऊन सारी खटपट वाया जाते. कॅसेटचा प्रश्नही याच जातीचा आहे: टेपवरील ध्वनी वाचणारे हेड किंचित तिरके झाले की दोन्ही बाजूंच्या वेळेचा मेळ ढळतो, आणि या मिश्रणाचा सारा डोलारा त्या मेळावरच उभा आहे.

मांडणी बरोबर जमली की नाही हे तपासायचे असेल तर ब्रिटिश रॉक संगीतकार रॉजर वॉटर्स यांच्या 1992 च्या ‘अम्यूज्ड टू डेथ’ या अल्बमची सुरुवात ऐकावी. त्यातही क्यूसाउंड आहे. आरंभी भुंकणारा कुत्रा तुमच्या खोलीच्या बाहेर, उजवीकडे दूर कुठेतरी असल्यासारखा वाटला तर स्पीकर योग्य जागी आहेत असे खुशाल समजावे. (घरात खरोखरच कुत्रा असेल तर तो आधी सांगेल.)

पहिले ऐकणे: क्रमाने आणि सलग

पहिल्या वेळी काहीही न गाळता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे. गाणी प्रकाशनाच्या काळानुसार लावलेली आहेत, त्यामुळे 1983 ते 1990 हा प्रवास आपोआप उलगडतो. मिशिगनमधील बे सिटी येथे 1958 मध्ये जन्मलेली मॅडोना 1978 मध्ये न्यूयॉर्कला आली आणि तिची सुरुवातीची गाणी त्या शहरातील नाचघरांसाठीच घडली. पहिल्या तीन गाण्यांत आवाज कोवळा, उंच पट्टीचा आणि खेळकर आहे. चौथ्या ‘लाइक अ व्हर्जिन’ला ठेक्याला एकाएकी वजन येते, कारण तेथे निर्माते नाइल रॉजर्स आहेत आणि त्यांनी ‘शीक’ या आपल्या वाद्यवृंदातील बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बास आणि टोनी थॉम्पसन यांचे ड्रम सोबत आणले आहेत. ‘मटेरियल गर्ल’ हेही त्याच चमूचे काम आहे.

आठव्या गाण्यापाशी, म्हणजे ‘लिव्ह टू टेल’ला, थोडे सावध व्हावे. येथे प्रथमच मॅडोना खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलण्याच्या स्वरात गाते. मधल्या भागात वाद्ये ओसरत जातात, काही क्षण केवळ लांबवलेला सूर उरतो आणि मग ती परत येते. 1986 मध्ये रेडिओवरील पॉप गाण्यात अशी जागा मोकळी ठेवण्याचे धाडस क्वचितच कोणी करत असे. संगीतकार पॅट्रिक लेनर्ड यांच्याशी जमलेली तिची जोडी येथून ऐकू येऊ लागते आणि ‘ला इस्ला बोनिता’ व ‘लाइक अ प्रेयर’पर्यंत पोहोचते. आवाजातील हा बदल सलग ऐकल्यावरच लक्षात येतो. सुटी सुटी गाणी ऐकणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही.

दुसरे ऐकणे: जोड्या लावून

आता मूळ अल्बम हाताशी घ्यावेत. सतराच्या सतरा गाण्यांची तुलना करू नये. ते कंटाळवाणे होते आणि पुष्कळ ठिकाणी फरक केवळ लांबीचा असतो. तीन जोड्या पुरेशा आहेत.

पहिली जोडी ‘इनटू द ग्रूव्ह’ची. हे गाणे 1985 च्या एका चित्रपटासाठी झाले. अमेरिकेत ते ‘एंजल’ या गाण्याच्या बारा इंची तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकले गेल्यामुळे मुख्य लोकप्रियता यादीत येऊच शकले नाही. ब्रिटनमध्ये मात्र ते मॅडोनाचे पहिल्या क्रमांकावर गेलेले पहिले गाणे ठरले. मूळ आवृत्ती काहीशी कच्ची, पातळ आणि म्हणूनच गोड आहे. संकलनातील आवृत्ती, गाण्यांना नाचघरांसाठी नवे रूप देणारे शेप पेटिबोन यांनी घडवलेली आहे. तिच्यात ठेका भरीव आहे आणि आवाजाचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून त्यांचेच तालवाद्य केले आहे.

दुसरी जोडी ‘एक्स्प्रेस युवरसेल्फ’ची, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. 1989 च्या ‘लाइक अ प्रेयर’ अल्बमवरील आवृत्तीत पितळी वाद्यांचा ठसका आहे; साठ-सत्तरच्या दशकांतील अमेरिकी सोल आणि फंक वाद्यवृंदांची आठवण करून देणारी ती रचना आहे. पेटिबोन यांच्या आवृत्तीत तो सगळा थाट उतरवून त्याखाली हाउस संगीताचा, शिकागो आणि न्यूयॉर्कच्या नाचघरांतला सरळ चारमात्रिक ठोका घातला आहे. डेव्हिड फिंचर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीतही पेटिबोन यांचेच रूप वापरले गेले, त्यामुळे बहुतेकांच्या कानात तेच बसलेले आहे. दोन्ही आवृत्त्यांचे फक्त पहिले कडवे आणि ध्रुवपद आळीपाळीने ऐकावे. आवाज तोच, शब्द तेच. तरीही पहिल्यात ती वाद्यवृंदासमोर उभी राहून गाते आणि दुसऱ्यात ती यंत्राच्या आत शिरून गाते. मला पहिली आवृत्ती अधिक आवडते, पण संकलनात जवळच ‘व्होग’ असताना दुसरीच शोभते, हेही मान्य करायला हवे.

तिसरी जोडी ‘लाइक अ प्रेयर’ची. मूळ गाण्याच्या आरंभी विजेच्या गिटारचा ओरखडा आणि मग एकाएकी शांतता आहे. त्यानंतर कडव्यांत ऑर्गन आणि आंद्रे क्राउच यांचा गायकवृंद यांच्यावर भर आहे, आणि ध्रुवपदाला ठेका उसळतो. दोन्ही आवृत्त्यांचे पहिले अर्धे मिनिट ऐकून कोणते ध्वनी राहिले आणि कोणते गेले हे स्वतःच टिपावे. मग शेवटच्या दोन मिनिटांतील गायकवृंद कुठे उभा असल्यासारखा वाटतो, तिच्या मागे की तिच्या दोन्ही बाजूंना, याकडे लक्ष द्यावे. मघाशी केलेल्या त्रिकोणाचा उपयोग येथे होतो.

शेवटची तीन गाणी जोड्यांत बसत नाहीत, पण त्यांना वेळ द्यावा. ‘व्होग’ हे मॅडोना आणि पेटिबोन यांनी आधी एका दुसऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकण्यासाठी केले होते. ते 1990 मध्ये अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या सुरुवातीच्या टिचक्या आणि मधल्या भागातील नामावळी, जिच्यात ग्रेटा गार्बोपासून बेटी डेव्हिसपर्यंत हॉलिवुडची मंडळी आणि त्यांच्यात एकटा बेसबॉलपटू जो डिमॅजिओ आहे, हेडफोनवर पुन्हा ऐकण्याजोगी आहेत. ‘जस्टिफाय माय लव्ह’ हे गायलेले कमी आणि कुजबुजलेले अधिक आहे. अमेरिकी रॉक गायक लेनी क्रॅविट्झ यांनी घडवलेल्या या गाण्याच्या चित्रफितीवर एमटीव्हीने बंदी घातली, तेव्हा ती सुटी व्हीएचएस कॅसेट म्हणून विकली गेली आणि बंदीनेच तिची जाहिरात केली. ‘रेस्क्यू मी’ मात्र लवकर विसरले गेले. मॅडोनाने त्यात जितक्या जोराने गायले आहे तितके या संकलनात इतरत्र क्वचितच ऐकू येते.

जे नाही ते भरून काढणे

हे संकलन पूर्ण आहे असा गैरसमज पुष्कळांचा असतो. 1987 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘हूज दॅट गर्ल’ यात नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘ट्रू ब्लू’ही नाही. ‘एंजल’, ‘ड्रेस यू अप’, ‘कॉजिंग अ कमोशन’, ‘ओ फादर’, ‘कीप इट टुगेदर’ आणि तिचे पहिलेवहिले गाणे ‘एव्हरीबडी’ यांनाही जागा मिळालेली नाही. स्वतःची यादी करून ही गाणी त्यांच्या काळानुसार मध्ये घालावीत: ‘एव्हरीबडी’ अगदी आरंभी, ‘ड्रेस यू अप’ ‘इनटू द ग्रूव्ह’नंतर, ‘ट्रू ब्लू’ ‘पापा डोन्ट प्रीच’नंतर, ‘हूज दॅट गर्ल’ ‘ला इस्ला बोनिता’नंतर आणि ‘ओ फादर’ ‘चेरिश’नंतर. ‘ओ फादर’ आल्यामुळे 1989 चा भाग एकदम गडद होतो, आणि ‘चेरिश’ व ‘व्होग’ यांच्यातील उडी समजू लागते. गंमत अशी की याच नावाने निघालेल्या चित्रफितींच्या संग्रहात ‘ओ फादर’ आहे. गाण्यांच्या संचातून वगळलेल्याला तेथे आसरा मिळाला. तो संग्रह हाती लागला तर फिंचर यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘एक्स्प्रेस युवरसेल्फ’, ‘ओ फादर’ आणि ‘व्होग’ या तीन फिती एका बैठकीत पाहाव्यात.

पुढच्या काळासाठी 2001 चा ‘जीएचव्ही2’ हा सरळ पुढचा भाग आहे. त्यात ‘एरॉटिका’पासून ‘म्युझिक’पर्यंतची गाणी आहेत. 2009 च्या ‘सेलिब्रेशन’मध्ये दोन्ही काळ एकत्र येतात आणि ‘हूज दॅट गर्ल’ही सापडते, पण तेथे क्रम काळानुसार नाही, म्हणून ओळख करून घेण्यासाठी तो संच मी सुचवणार नाही. मागे जायचे असेल तर 1987 चा ‘यू कॅन डान्स’ घ्यावा. गाणी मोजकीच, पण नाचण्यासाठी लांबवलेली. 1990 च्या कात्रीने जे तुकडे गाळले त्यांची भरपाई तेथे होते, आणि ‘इनटू द ग्रूव्ह’ची पेटिबोन यांनी केलेली आवृत्ती तेथे पूर्ण लांबीने मिळते.